सात पॉइंट नऊचा कागद

खुटबावच्या त्या पत्र्याच्या शेडमधी दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. पाटसकडनं माणसं यायची, शिरूरकडनं यायची. कुणाला टेम्पोत गादी टाकून आणलेलं, कुणी पिवळे डोळे घेऊन स्वतःच चालत आलेलं. पुढं स्टेजवर देव न्हाई, पादुका न्हाई. काचंच्या फ्रेममधी सहा पानांचा इंग्रजी कागद. त्याला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. माणसं रांगेनं जायची, काचंला कपाळ टेकवायची आन् मग काढ्याची बाटली घ्यायची. टेकून टेकून काचंवर तेलाचा गोल डाग पडला होता, नेमका लेखकाच्या नावावर.

लेखक म्हंजी सत्यजीत सर. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं. माईक हातात घेतला की सुरुवात ठरलेली.

"बंधू-भगिनींनो, अंधश्रद्धेला बळी पडू नका. कावीळ उतरवायला गळ्यात माळ घालणारे, चुन्याच्या पाण्यात हात धुणारे, हे सगळे भोंदू. ते तुम्हाला अंगारा देतात. मी काय देतो?"

"पेपर," सगळं शेड म्हणायचं.

"कुठं छापला?"

"अमेरिकेत."

"आणि इम्पॅक्ट फॅक्टर?"

"सात पॉइंट नऊ."

हे शेवटचं तर आईच्या कडंवरली पोरंबी म्हणायची. इम्पॅक्ट फॅक्टर काय असतो ते कुणाला म्हाईत नव्हतं, पण आकडा सगळ्यांना कळला होता. हा दुधाचा मुलूख. पॉइंटमधला आकडा म्हणलं की फॅट. माझ्या शेजारी पाटसचे पोपटआबा बसले होते, पोट पाण्यानं फुगलेलं, पाय सुजलेले. ते म्हातारीला समजावत होते, "सात पॉइंट नऊ म्हंजी लई झालं. आपल्या म्हशीची कवा सातच्या वर गेली न्हाई."

म्हातारी म्हणली, "गाईची तर साडेतीनवरच अडती."

"गाईचं कशाला काढती मधी. हे अमेरिकेचं हाय."

मला हसू आलं आसतं. पण दुसऱ्या बाजूला माझा भाऊ बसला होता, आन् त्याचेबी ओठ हालत होते. सात पॉइंट नऊ.

माझा भाऊ जोनाथन. मी त्याला दादा म्हणते. रांजणगावला कंपनीत क्वालिटीच्या खात्यात होता, डिप्लोमा झालेला. मी लिडिया, नववीत बाईंशी भांडले आन् परत शाळंत गेले न्हाई. आमच्या घरात शहाणा कोण, हे कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती.

तीन वर्षांमागं दादा रक्तदानाला गेला आन् कळलं, हिपॅटायटिस बी. शिरूरच्या डॉक्टर अनुपमा मॅडमनी रोजची एक गोळी लावली. "ही गोळी विषाणूला दाबून ठेवते," त्या म्हणल्या होत्या. "मुळापासून काढत नाही. म्हणून ती चालूच ठेवायची. मला न विचारता एक दिवसही बंद करायची नाही." तीन वर्षं दादानं खाल्ली. रिपोर्ट चांगले, वजन चांगलं, बुलेट चांगली.

मग त्याचं इवाशी लग्न ठरलं. इवाला सगळं सांगितलेलं, तिनं लसबी घेतली. तिची काय हरकत नव्हती. हरकत दादाचीच होती. त्याला लग्नाच्या आधी एक कागद पाहिजे होता, ज्याच्यावर 'निगेटिव्ह' लिहिलंय. मॅडम म्हणल्या, तसं क्वचित होतं, वाट बघू नकोस. सत्यजीत सरांचा कागद म्हणत होता, एकशेबारा रुग्ण, नव्वद दिवस, एकशेबारा बरे.

सरांची अट एकच. केमिकलची गोळी आन् काढा एका पोटात चालायचा न्हाई.

दादानं गोळी बंद केलीय, हे मला कळलं ते नवव्या आठवड्यात. दादा तोंड धुऊन आरशापुढं उभा होता आन् त्याच्या डोळ्यातला पांढरा भाग लिंबावानी झालेला.

"दादा, गोळी खातो का तू?"

"हां."

"कपाटात तीन डब्या सीलबंद हायेत."

तो टॉवेलनं तोंड पुसत राहिला. "सर म्हणले हे व्हणारच. विष बाहेर पडतंय."

"कुठनं, डोळ्यातनं?"

"लिडे, मी काय माळ घालून बसलोय का? बाबाकडं जातोय का? पेपर हाय तो. तज्ज्ञांनी तपासून छापलेला. नववी सोडलेल्या पोरीनं मला लिव्हर शिकवू नये."

मी काढ्याची बाटली मोरीत ओतली. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं आन् दोन बाटल्या आणल्या.

मी फ्रेमचा फोटो काढून ठेवला होता, सगळ्या पानांचा. तो घेऊन मॅडमकडं गेले. त्यांनी पहिलं पान बघितलं आन् चष्मा काढला.

"त्याला आत्ता घेऊन ये. उद्या नाही, आत्ता."

"येत न्हाई तो. पेपर खोटा हाय हे दाखवल्याबगर यायचा न्हाई. हा सात पॉइंट नऊ काय हाय, तेवढं सांगा."

मॅडम म्हणल्या, "एखाद्या मासिकातल्या लेखांचा आधार दुसरे संशोधक किती वेळा घेतात, त्याची ती सरासरी. मासिकाचा आकडा असतो, औषधाचा नाही. आणि तो दुसऱ्यानं मोजायचा असतो. यांनी स्वतःच छापलाय."

"म्हंजी डेअरीत मशीन लावायचंच न्हाई. गवळ्यानंच आपली फॅट पाटीवर लिहायची."

"तेच. पैसे भरले की काहीही छापतात असले लोक."

"मग शिकलेली माणसं कशी फसतात?"

"फसत नाहीत सगळी. बढतीला पेपर लागतात. माझ्या ओळखीच्या दोघांनी इथंच छापलेत." हे सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मग म्हणल्या, "मी दादाला फोन करते."

त्यांनी केला. दादानं कट केला.

मासिकाचं नाव होतं 'ग्लोबल जर्नल ऑफ लिव्हर अँड ऑल सायन्सेस'. मला त्या 'ऑल सायन्सेस'चाच राग आला. घरी येऊन फोन उघडला. इंग्रजी मला येत न्हाई, पण फोनमधल्या एआयला येतं. त्याला मराठीत सांगितलं, एक कथा पाहिजे, पण संशोधनासारखी दिसली पाहिजे. लिव्हरच्या साठ रुग्णांना शिरूरच्या एसटी डेपोत उभं केलं. रोज वीस मिनिटं त्यांना एसटीचा हॉर्न ऐकवला. एका महिन्यात साठच्या साठ बरे. तक्ता पाहिजे, आलेख पाहिजे, शेवटी आभार पाहिजेत, डेपोतल्या कंट्रोलरचे. लेखक, डॉक्टर एल. सत्यवान. सत्यवान माझ्या वारलेल्या वडिलांचं नाव. डॉक्टर मी स्वतःला केलं, तिथं कुणी विचारतच नव्हतं.

सोमवारी धाडलं. गुरुवारी सकाळी उत्तर आलं. 'आपलं संशोधन जागतिक दर्जाचं असून तीन आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते तपासून मान्य केलं आहे. एकच दुरुस्ती सुचवली आहे, शिरूरचं स्पेलिंग सगळीकडं सारखं ठेवावं. फी भरताच पुढच्या अंकात छापू.' खाली गोल शिक्का, त्याच्यात गरुड आन् तोच आकडा, सात पॉइंट नऊ.

दादा तवर खुटबावला गेला होता. मी चौफुल्याची गाडी पकडली.

शेडमधी पोचले तवा 'अमेरिकेत' पर्यंत आलं होतं. मी सरळ स्टेजवर चढले आन् सरांच्या हातातला माईक ओढला. कोट घातलेली दोन पोरं धावली. सरांनी त्यांना हातानं थांबवलं. सरांना वाटलं आसंल, मी बरी झालेली पेशंट.

मी सगळं वाचून दाखवलं. हॉर्न, डेपो, साठ रुग्ण, तीन तज्ज्ञ, शिक्का. म्हणलं, "हे सगळं मी घरात बसून रचलंय. मी डॉक्टर न्हाई, मी नववीबी पास न्हाई. तरी तीन दिवसांत मान्य झालं. ज्या अमेरिकेनं ह्यांचा कागद छापला, तिनंच माझा मान्य केलाय. म्हंजी ह्यांच्या कागदाची किंमत माझ्या हॉर्नएवढी हाय. घरी जावा, आपल्या डॉक्टरकडं जावा."

माणसं एकमेकांकडं बघाय लागली. मला वाटलं, लागलं.

सत्यजीत सर पुढं आले. हळूच माईक घेतला. आवाज भरून आलेला.

"पाहिलंत? आपल्या शिरूरची लेक. शाळा सुटली, पण जिद्द सुटली नाही. आज सातासमुद्रापार तिचं संशोधन मान्य झालं. तिला स्वतःच्या प्रतिभेवर विश्वास नाही, ही आपल्या समाजाची शोकांतिका आहे. जोरदार टाळ्या."

टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मी ओरडत होते, "खोटं हाय, मी सांगतीय ना खोटं हाय," आन् पुढच्या रांगेतली बाई पोराला म्हणत होती, "बघ, ताईसारखं शिक."

नारळ तिथंच टाकून खाली उतरले. पोपटआबांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम लागत होता. हळू आवाजात, आजूबाजूला कुणी ऐकत न्हाई ना ते बघून विचारलं, "पोरी, साध्या गाडीचा हॉर्न चालंल का शिवशाहीचाच पाहिजे?"

"आबा, मी रचलंय ते. खोटं हाय."

"आसू दे. पण मान्य झालंय ना?"

मी हात सोडवला आन् गर्दीत दादाला शोधाय लागले.

दादा मागं भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्या हातातला फोन घेतला. पत्र वाचलं, परत वरनं वाचलं. एवढ्या माणसांत ते समजलेला तो एकटाच. त्याच्या हिरडीतनं रक्त येत होतं, त्यानं ते बाहीला पुसलं.

"चल," तो म्हणला. "बुलेट तू चालव. मला चालवता यायची न्हाई."

मॅडमनी रक्त तपासलं आन् ॲम्ब्युलन्स बोलावली. पुण्याच्या वॉर्डात गोळी परत सुरू केली. तिथला डॉक्टर सरळ बोलला. गोळी बंद केल्यावर दाबून ठेवलेला विषाणू उसळला, त्यात लिव्हर जळालं. आता गोळीनं काम करायला लिव्हर उरलं पाहिजे. न्हाईतर दुसऱ्याचा तुकडा बसवायचा. आईला शुगर. इवाचा रक्तगट जुळंना. माझा जुळला. मला सतरा वर्षं पाच महिने. कायद्यानं अठरा लागतात.

"आधार कार्डावर तारीख बदलून आणू का?" मी विचारलं. डॉक्टर फाईल बंद करून गेला.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणला, "तो पेपर दाखव." दोन महिने त्याच्यापुढं कपाळ टेकवलं होतं, वाचायला पहिल्यांदा मागितला. तिसऱ्या पानावर तक्ता होता. त्यानं बोटानं मोठा केला.

"डावीकडचे आकडे वाच. रुग्ण क्रमांक."

"तीन. सात. आठ. पंधरा. एकवीस. पुढं कशाला?"

"शेवटचा?"

"तीनशे एकोणनव्वद."

"आन् एकूण रुग्ण किती म्हणतोय?"

"एकशेबारा."

तो डोळे मिटून पडला. मग म्हणला, "कंपनीत लॉट आला की मी पहिलं विचारतो, रिजेक्शन किती. झिरो म्हणला की तोच खोका फोडून बघतो. सहा वर्षं तेच केलं. ह्याच्यात लिहिलेलंच होतं, लिडे. उघड लिहिलेलं. दोनशे सत्त्याहत्तर गाळलेत. मी बघितलंच न्हाई."

एवढीच ती जादू. आलेल्या प्रत्येकाला सत्यजीत सर नंबर द्यायचा. घाण पाण्यानं कावीळ झालेली माणसं काढा घ्यायची, आन् ती कावीळ बहुतेकांची महिना-दीड महिन्यात आपोआपच उतरती, काढा घ्या न्हाईतर ताक प्या. ती खुशीत रिपोर्ट घेऊन परत यायची. त्यांचे नंबर कागदात. ज्यांचं लिव्हर खरंच गेलेलं, ती परत यायची न्हाईत. यायला उरायचीच न्हाईत. त्यांचे नंबर गाळले. जे उरले ते शंभर टक्के बरे. मग पैसे भरून कागद छापला, छापणाऱ्यानं आपलाच आकडा आपल्याला लावून घेतला, आन् तो हार घालून खुटबावला टांगला. अंगारा देणाऱ्यावर माणूस निदान संशय तरी घेतो.

त्याच्या तिसऱ्या दिवशी दादानं मला ओळखलं न्हाई. मला बाई म्हणत होता, खिडकी लावा म्हणत होता. सहाव्या दिवशी गेला. इवा सगळा वेळ पायाशी उभी होती, तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं न्हाई.

पोलीस चौकीत तक्रार दिली. अर्ज घेतला, शिक्का मारून एक प्रत दिली. शेड चालू हाय. आता तिथं दोन फ्रेमा हायेत, नव्या कागदात दोनशे चाळीस रुग्ण, सगळे बरे. त्याच्यात जोनाथनचा नंबर न्हाई, मी बघितलं. फॅक्टर आता नऊ पॉइंट दोन झालाय.

मी गुरुवारी फाट्यावर उभी राहते आन् येणाऱ्याला सांगते. पोपटआबा परत दिसले न्हाईत. त्यांच्या गावच्या एकाला विचारलं तर म्हणला, "बरे झाले आसतील, म्हणून येत न्हाईत." आन् तोबी शेडकडं चालाय लागला.

माझं ऐकून माघारी फिरलेलं आजवर कुणी न्हाई. तरी सांगते, कारण दुसरं काय करू. कागद दिसला म्हणून कपाळ टेकू नका, वाचा. येत नसंल तर वाचून घ्या. किती आले, किती परत आले न्हाईत आन् हे मोजलं कुणी, एवढं विचारा. चालू असलेली गोळी डॉक्टरला विचारल्याबगर बंद करू नका. आन् समोरच्याकडं उत्तर नसंल तर तिथनं उठून या, स्वतःच्या पायानं चालता येतंय तवर.