वीस मिनिटं

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सर्पविषावरच्या लशीच्या अकरा कुप्या होत्या. डॉ. अल्का रामटेकेनं त्या दोनदा मोजल्या आणि दहा काढून ट्रेमध्ये ठेवल्या.

“चैतरामला तिसरा डोस?” दारातून डॉ. इंद्रकुमार म्हणाले. ग्रामीण रुग्णालयाचे ते अधीक्षक. सगळी नोकरी याच तालुक्यात गेलेली.

“हो सर. काल सकाळी दहा कुप्या दिल्या, सायंकाळी दहा. तरी विष उतरत नाही, रक्त गोठत नाही. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली की पाण्यासारखं वाहतं.”

“मॅडम, तो माणूस पलंगावर बसून पोहे खाऊन राहिला. पायाला सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही, लघवी साफ. अन् तुमची नळी म्हणते, मरते. दवाई करनी है या रिसर्च, एक बार तय कर लो.”

“दोन्ही करायचं आहे,” अल्का म्हणाली. “नोंदी ठेवल्या नसत्या तर या वर्षीची लस निकामी आहे, हे कोणाला कळलं असतं?”

तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. जातो तर जाऊ दे, असं वाटून तिनं ट्रे टेबलावर आदळला. दीड वर्षापासून ओपीडी आटोपली की ती साप चावलेल्या प्रत्येकाची नोंद करत होती. एकूण एकसष्ट. मागच्या वर्षीच्या सत्तावीस जणांचं रक्त लस दिल्यावर गोठलं होतं. या वर्षीच्या चौतीसपैकी एकाचंही नाही. एकेकाला वीस-वीस, तीस-तीस कुप्या गेल्या होत्या. यावरचा तुझा शोधनिबंध देशभर वाचला जाईल, असं नागपूरचे तिचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, तेव्हा तिला आनंद झाला नव्हता. तिला कोणाची तरी मान पकडायची होती. यंदा भाद्रपदात निंदण चाललेल्या धानाच्या बांधीतून साप चावलेल्या सतरा वर्षांच्या मंगलीला उचलून आणलं, त्या दिवशी हा फ्रिज रिकामा होता. अ‍ॅम्ब्युलन्स गोंदियाला पोचायच्या आत मंगली गेली. त्यानंतर अल्कानं वरिष्ठांना चार पत्रं लिहिली, एकाहून एक तिखट. चारही पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न होता: जबाबदार कोण?

ती तणतणत तपासणीच्या खोलीत शिरली.

“सुमनबाई, एक नळी द्या. डोसाआधीचं रक्त घ्यायचं आहे.”

परिचर सुमनबाई बेसिनपाशी उभ्या होत्या. काचेच्या नळीत बारीक ब्रश फिरत होता, फेस मनगटापर्यंत आला होता.

“हे काय करताय?”

“नळ्या धुऊन राहिलो ना.”

“एकदा वापरून फेकायच्या असतात त्या!”

“कायले फेकाच्या? फुटली नाही, तडकली नाही. तुमचा खोका तर मागच्या दिवाळीलेच सरला होता. मी धुऊन, वाळवून त्यातच भरून ठेवतो. तुमचं काम अडलं काय कधी?”

अल्कानं फेसाळ नळी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“कशानं धुता?”

“कपड्याच्या पावडरनं. मंग काय राखेनं धुऊ?”

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” अल्का ओरडली. “कोणी?”

सुमनबाईंनी ओला हात भिंतीकडे केला. तिथं अल्काच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता: नळी स्वच्छ व कोरडी असावी.

“काऊन कावून राहिल्या माह्यावर? लिवलं तसंच त केलं. साहेबाच्या चहाची कपबशी नाही घासत मी एवढी.”

पावडरीचा अंश राहिलेल्या काचेत धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही. हे अल्कानं वाचलं होतं. आपल्या शोधनिबंधाच्या आराखड्यात लिहिलंसुद्धा होतं, चौथ्या पानावर.

तिनं खोक्यातली एक वाळलेली नळी उचलली. खुर्चीवर बसून डाव्या दंडाला रबरी पट्टी बांधली, टोक दातांत धरून ओढलं.

“अगं बाई! तुमाले का चावला साप?”

“घड्याळ बघा.”

दोन मिलिलिटर रक्त नळीत उतरलं. नळी स्टँडमध्ये ठेवून ती तिच्यासमोर बसून राहिली. मुठी मांडीवर आवळलेल्या. चैतरामची बायको दुर्गेश्वरी दारात आली.

“मॅडम, सुई कवा लावता?”

“थांबा.”

“मोठे साहेब म्हणतात नोको लावू, तुमी म्हणता लावाच लागते. आमी कोणाचं आयकाचं?”

इंद्रकुमार व्हरांड्यातून गेले, परत आले, स्टँडकडे पाहून थांबले. त्यांनी काही विचारलं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

“झाले वीस,” सुमनबाई म्हणाल्या.

अल्कानं नळी एकदाच तिरपी केली. मग नोंदवही ओढून चैतरामच्या नावाखाली लिहिलं:

बासष्ट. अल्का रामटेके, स्त्री, वय एकोणतीस. साप चावलेला नाही. धुतलेली नळी. वीस मिनिटं. रक्त पातळ.