वयस्क स्त्री, खिडकी, वेदना

"हनुवटी खाली. अजून थोडी. आता दोन्ही हात गुडघ्यावर ठेव आणि कळ आल्यासारखं कर," स्टुडिओवाले कॅमेऱ्यामागून म्हणाले.

माईंनी कळ आल्यासारखं केलं.

"ही दातदुखीची कळ झाली. गुडघ्याची खालून वर येते."

"अहो, कळ काय जिना चढून येते का?" माई म्हणाल्या, पण त्यांनी पुन्हा केलं. नवऱ्याची कामाची तऱ्हा त्यांना चांगली ठाऊक होती. मनासारखा फोटो मिळेपर्यंत हा माणूस स्वतः जेवणार नाही आणि दुसऱ्याला जेवू देणार नाही.

स्टुडिओ बंद होऊन आठ वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना स्टुडिओवालेच म्हणायची. तीस वर्षं त्यांनी लोकांना हसवलं. रडकी बाळं, रुसलेल्या नवऱ्या, निवृत्त होणारे हेडमास्तर, सगळ्यांना. मग जो तो स्वतःचा फोटो स्वतःच काढायला लागला आणि दुकानाला कुलूप लागलं. रिकामा बसलेला बाप आईच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार हे ओळखून लेकीने फोनवर एक वाट दाखवली. फोटो विकणाऱ्या एजन्सीकडे आपले फोटो चढवायचे, शोधणाऱ्याला सापडावा म्हणून प्रत्येकाला चाळीस-पन्नास शब्द जोडायचे, आणि जगात कुठेही कुणी विकत घेतला की आपला वाटा आपल्याला मिळतो. स्टुडिओवाल्यांनी हौसेने सूर्यास्त चढवले, फुलं चढवली, चमच्यावरचा थेंब चढवला. कुत्रं विचारेना. सूर्यास्त सगळ्यांकडेच होते.

एकदा माई कपाळाला हात लावून, किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत बसल्या होत्या. यांनी सहज फोटो काढला आणि 'डोकेदुखी' म्हणून चढवला. तो महिन्याभरात अकरा ठिकाणी गेला. तेव्हापासून माईंचं सुख संपलं म्हणा ना. पाठदुखी झाली, अपचन झालं, झोप न येणं झालं, मुलं दूर गेल्याचं दुःखही झालं, आणि ते करताना लेक फोनवर खिदळत होती. प्रत्येक वेळी एजन्सीला फोटोतल्या माणसाचं संमतीपत्र लागायचं. "वाचायचं काही नाही, तेच आहे," असं स्टुडिओवाले म्हणायचे आणि माई सही ठोकायच्या. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई ठरलेल्या. "सुख सांगावं जनात, दुःख ठेवावं मनात म्हणतात," त्या सही करता करता म्हणायच्या, "तुम्ही तर दुःखाचं दुकानच मांडलंत, माई."

तर त्या सकाळी गुडघा संपला आणि स्टुडिओवाल्यांनी छातीदुखीचा विषय काढला. ती त्यांची जुनी ठसठस होती. मागच्या वर्षी पाठवलेले छातीदुखीचे सगळे फोटो एजन्सीने परत केले होते. खाली एक ओळ: हावभाव कृत्रिम वाटतात. तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला कुणी तरी पोरगेल्या परीक्षकाने असं लिहावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

माईंनी छातीवर हात दाबला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

"नाटक दिसतंय," स्टुडिओवाले म्हणाले.

"नाटकच आहे ते."

पुन्हा केलं, पुन्हा नाटकच दिसलं. "थोडं थांबू या का?" असं म्हणून माई खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या. एक हात टेबलाच्या कडेवर होता, दुसरा मांडीवर. आणि स्टुडिओवाल्यांनी सहज कॅमेऱ्यातून पाहिलं. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते समोर होतं. माई काहीही करत नव्हत्या. छातीला हात नाही, तोंड वाकडं नाही. नजर कुठे तरी जमिनीवर, बोटं टेबलाच्या कडेला घट्ट. आणि सगळं दिसत होतं.

"हलू नकोस," ते हळूच म्हणाले. जमलं हिला एकदाचं, असं त्यांना वाटलं. त्यांना आनंद झाला, आणि हे पुढे त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नाही. त्यांनी बाजूने काढले, खाली बसून काढले, जवळ जाऊन बोटांचे काढले.

"अहो," माई म्हणाल्या.

"एकच मिनिट."

माई थांबल्या. स्टुडिओवाल्यांनी चेहरा जवळ घेतला. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते, कपाळावर होते, गळ्याशी होते. अगदी हवे तसे. घाम दाखवायचा तर ते नेहमी फवाऱ्याने पाणी मारायचे.

"फवारा कधी मारलास?" त्यांनी विचारलं.

माईंनी मान हलवली, नाही म्हणून. फवाऱ्याची बाटली स्वयंपाकघरात ओट्याखाली होती आणि ती कधीची रिकामी होती. कॅमेरा डोळ्यापासून खाली आला तेव्हा बायको पांढरीफटक पडलेली त्यांना दिसली.

पुढे टॅक्सी कुणी बोलावली, जिना कसा उतरलो, हे त्यांना नंतर आठवेना. शिंपीणबाईंनी एका बाजूने धरलं होतं एवढंच आठवत होतं. हॉस्पिटलात माईंना आत नेलं आणि एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"दुखायला कधी सुरुवात झाली? नीट आठवून सांगा. औषध त्यावर ठरतं."

"आत्ता... मघाशी..."

"मघाशी म्हणजे? पाच मिनिटं, तासभर?"

स्टुडिओवाल्यांचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याला लागला. तो अजून तिथेच लोंबत होता. प्रत्येक फोटोवर वेळ असते. त्यांनी एकेक फोटो मागे सरकवत स्टुलावरचा पहिला शोधला. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि बोलून कुणाचं भलं होणार होतं?

"दहा बेचाळीस," ते म्हणाले.

"एवढं नेमकं कसं?"

त्यांनी कॅमेरा पुढे केला. डॉक्टरीण बाईंनी एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला. बटण दाबत दाबत शेवटच्यापर्यंत गेल्या. एकतीस फोटो होते. शेवटचा दहा एकोणपन्नासचा.

"याचं घड्याळ बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी कागदावर वेळ लिहिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं स्टुडिओवाल्यांना वाटलं. मग एका नर्सने संमतीपत्र आणलं. त्यांनी वाचायला घेतलं, पण अक्षरं डोळ्यांसमोर ठरेनात.

"वाचायला वेळ नाही, काका. इथे सही करा," नर्स म्हणाली. त्यांनी केली.

दोन तास ते हॉस्पिटलच्या बोळातून येरझाऱ्या घालत राहिले. शिंपीणबाई म्हणाल्या, "बसा हो, फरशी झिजेल." ते बसले आणि लगेच उठले. सात मिनिटं म्हणजे किती, हे त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. सात मिनिटांत एक माणूस बोळाच्या टोकापासून टोकापर्यंत किती वेळा जातो ते मोजलं. एकोणीस वेळा.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. रक्तवाहिनी मोकळी झाली होती. हृदयाचा थोडा भाग कायमचा अधू झाला होता, जपावं लागणार होतं.

"ती सात मिनिटं..." स्टुडिओवाले म्हणाले.

"ते कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी माईंच्या खाटेजवळ बसून त्यांनी एकच विचारलं. "ओरडली का नाहीस गं?"

"तुम्ही इतके रंगात आला होतात," माई म्हणाल्या. "म्हटलं, होऊ दे यांचं."

स्टुडिओवाल्यांनी तोंड फिरवलं आणि पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडे ठेवला.

माई घरी आल्या. आठवड्याभराने त्यांनीच फोटो मागितले. स्टुडिओवाल्यांनी ते पुसलेही नव्हते आणि उघडलेही नव्हते. माईंनी चष्मा लावून एकतीसच्या एकतीस पाहिले.

"चांगले आलेत हो. पाठवून द्या. सही करते."

"नाही पाठवायचे."

"का? मेहनत माझी आहे. आता कोण म्हणेल कृत्रिम?"

"नाही म्हटलं ना."

ते इतक्या जोरात बोलले की माई बघतच राहिल्या. मग हसल्या आणि चष्मा काढून ठेवला.

पण खरा छळ पुढेच होता. स्टुडिओवाल्यांना घरात स्वस्थ बसवेना. माईंनी कमरेला हात लावला की ते धावायचे. माईंनी कपाळ पुसलं की गोळ्यांची डबी घेऊन हजर. "काय होतंय?" "काही नाही, केस डोळ्यात आला." "मग तोंड का वाकडं केलंस?" "अहो, चहात साखर नाही म्हणून." प्रत्येक दुखण्याचा चेहरा त्यांनीच तिला शिकवला होता, ओठ कसे, भुवया कशा, हात कुठे. आता त्यातला तिचा कोणता आणि आपण शिकवलेला कोणता, हे त्यांना उमगेना. चाळीस वर्षांच्या संसारातल्या बायकोचं तोंड वाचता येत नाही, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. कामात लक्ष लागेना. कॅमेरा कपाटात गेला.

शेवटी एका दुपारी माई वैतागल्या. "तुम्ही सारखे असे टपून बसलात ना, तर मला दुसरा झटका यायचा. जा, जरा बाहेर फिरून या."

"एक सांग, मग जातो," स्टुडिओवाले म्हणाले. "खरं दुखतं तेव्हा काय करतेस तू? एखादी खूण सांग. मी लक्षात ठेवीन."

माईंनी खरोखर विचार केला. बाळंतपणाचा केला, आई गेली त्या दिवसाचा केला, स्टुडिओला कुलूप लावून नवरा घरी आला त्या संध्याकाळचाही केला.

"काही करत नाही," त्या म्हणाल्या. "खरं दुखलं ना, की मी गप्प बसते."

स्टुडिओवाल्यांनी मान हलवली. फिरायला जायचं म्हणून चपला घातल्या, दार उघडलं आणि सवयीने मागे वळून पाहिलं. माई खिडकीशी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर होते. बाहेर बघत होत्या, की नव्हत्या बघत. काही करत नव्हत्या.

त्यांनी दार लावून घेतलं, चपला काढल्या आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसले.