सुष्माचा राहिलेला भाग

विश्वेश आणि सुष्मा कडकोळ गावातल्या एका कंपनीत शेजारी बसायचे. तेव्हाच दोघांनी मिळून एक टूल, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिलं. जाहिरातींच्या साइट अडवायला लोक डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्यांच्या, लांबलचक याद्या वापरतात. मूळ डोमेन अडवलं की त्याच्या पोटातली डोमेन आपोआप अडतात, तरी याद्यांत ती वेगळी लिहिलेली असतातच. संगणकावर एका ओळीची कमांड दिली की टूल ही जादा नावं गाळून टाकायचं. दोघांनी ते कोडसकट सगळ्यांसाठी फुकट ठेवलं.

यादी फार मोठी असली की मात्र ते अडकून बसायचं.

"मोठ्या याद्यांचा भाग मी लिहिणार. तू हात लावायचा नाही," सुष्मा म्हणाली होती. मग तिला डब्लिनला नोकरी लागली. आधी रोज मेसेज यायचे, पुढे फक्त सणासुदीला.

विश्वेशने खरंच हात लावला नाही. वापरणारे तक्रार करायचे. तो "काम चालू आहे" असं उत्तर द्यायचा.

एका रविवारी ब्राझीलच्या कुणा अनोळखी माणसाने तो भाग पुरा लिहून पाठवला. विश्वेशने त्यात चूक शोधून पाहिली. सापडेना. शेवटी त्याने सुष्माला फोन लावला.

"तुझा राहिलेला भाग कुणीतरी लिहिलाय."

"कुठला भाग?" त्याने सांगितल्यावर ती हसली. "अय्यो, ते अजून तसंच आहे? तूच करून टाकायचं की रे!"

"हात लावू नको म्हणाली होतीस."

"विश्वेश, मी विसरूनच गेले होते. त्याने लिहिलेलं घेऊन टाक."

"घेतो." मग न ठरवताच त्याच्या तोंडून निघालं, "तू गेल्यापासून मला इथं करमत नाही, सुष्मा."

"मलाही पहिलं वर्ष करमलं नाही," ती हळूच म्हणाली. "मग करमायला लागलं."

फोन ठेवल्यावर त्याने तो भाग टूलमध्ये घेतला. लिहिणाऱ्यांच्या यादीत सुष्माच्या नावाखाली त्या माणसाचं नाव घातलं. मग सगळ्यात मोठी यादी चालवून पाहिली. कमांड देऊन हात मागे घेईपर्यंत काम झालंसुद्धा. तरी तो पडद्याकडे बघत राहिला.

जेवताना आईने, सुमित्राबाईंनी, विचारलं, "सुष्माचा फोन होता का रे? येणार आहे म्हणाली?"

"नाही, अम्मा."

त्यांनी त्याच्या भातावर आमटीसारखं पातळ सारू वाढलं आणि तुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली.