सरळ कोपर

शिवराजने चेंडू पुन्हा एकदा पँटवर घासला. बेसबॉलचा चेंडू घासून काही होत नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण हात स्वस्थ राहतील तर ना.

कतारमधल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका शाळेमागे दर शुक्रवारी सकाळी फिलिपिनो पोरांचा बेसबॉल संघ जमायचा. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कायमचा मायदेशी गेला होता आणि आज बदली गड्याची चाचणी होती. बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतून शिवराजला गाडीत घालून आणलं होतं रियाजने. रत्नागिरीचा रियाज त्याच्याच कंपनीत ड्रायव्हर, आणि कंपनीच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन.

"नाय जमला तर नाय जमला," रियाज म्हणाला. "आपली टीम हाय ना."

"जमंल. माझं हेच काम होतं."

होतंच. जालन्यात शाळेच्या सरांनी बेसबॉल सुरू केला, कारण आसपास तो दुसरं कुणी खेळत नव्हतं आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते अशी सगळ्यांची समजूत होती. शिवराज थेट राज्याच्या संघापर्यंत गेला. नोकरी काही लागली नाही. एसी दुरुस्तीने त्याला कतारला आणलं. इथे खेळायला मिळालं ते क्रिकेट, आणि त्यात त्याचा प्रत्येक चेंडू नो बॉल. कोपर वाकवून फेकतो म्हणायचे. शेवटी रियाजनेच पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याच्या कोपराला बांधला आणि दोन वर्षं, रोज संध्याकाळी, खोल्यांमागे त्याच्याकडून हात सरळ फिरवून घेतला. हात सुधारला. जीव मात्र रमला नाही. एकदा तरी पुन्हा पिचर म्हणून उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"रेडी?" फिलिपिनो कॅप्टनने विचारलं.

पहिला चेंडू कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला बसलेल्याच्या, बराच अलीकडे जमिनीवर आपटला. पोरं हसली, पण कुजकटपणे नाही. दुसऱ्या वेळी शिवराजने मुद्दाम कोपर वाकवलं, तर चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीत गेला. त्याने खांदा झटकला, बोटं चोळली, जागा बदलली, परत होती तिथेच आला.

मग त्याने विचार करणंच सोडलं. हात कानाजवळून सरळ फिरला. चेंडू फलंदाजाच्या पायाशी नेमका टप्पा घेऊन असा आत वळला, की कॅचरला तो दिसलासुद्धा नाही.

जाळीमागे टाळ्या वाजल्या. एकटा रियाजच वाजवत होता.

"काय टाकलास रे शिवा!"

इतका सुंदर चेंडू रियाजने कतारात आल्यापासून पाहिला नव्हता. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे हात थांबले.

कॅप्टन शिवराजजवळ आला.

"फ्रेंड, यू आर पिचर?"

शिवराजने उजवं कोपर डाव्या हाताने दाबून धरलं.

"नो सर," तो म्हणाला. "बोलर."