पीळ काही जात नाही

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे आणि स्वभावाने रागीट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात ना? मग माझ्या पोटात तर तांब्याच्या तारा आहेत. माझा पीळ कसा जाईल?

१९९८ साली मांडवीच्या रस्त्यावर टेलिफोनसाठी मला खांबावर चढवलं. काय मान होता माझा तेव्हा! आखातातून कोणाच्या अब्बांचा फोन यायचा, मुंबईहून कोणाच्या मुलाचा. मी तुटले तर सगळी आळी खांबाखाली येऊन वर बघत उभी राहायची. पुढे दुसरी, जाडजूड वायर आली आणि मला कापून गटारापाशी टाकून दिलं. वरून शेजारच्या कोंबड्या माझ्यावर बसायच्या. ते मी विसरलेले नाही.

तिथून मला अद्नानने उचललं. त्याच्या शाळेत सरफरे सरांनी रोबो बनवणाऱ्या मुलांचा संघ काढला होता. अद्नानचे चाचा मच्छीमारी लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे, म्हणून मोटारी आणि चाकं बसवायचं काम त्याच्याकडे आलं. सावनी बोलण्यात पटाईत, म्हणून परीक्षकांना समजावून सांगण्याचं काम तिला मिळालं. अनिश संघाचा कप्तान. रोबोची बटणं तो दाबणार, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. रोबो खेकड्यासारखा तिरका तिरका चालायचा म्हणून त्याचं नाव पडलं कुर्ली. बटणांच्या पेटीपासून कुर्लीपर्यंत जाणारी वायर म्हणजे मी. अनिश मला ‘शेपटी’ म्हणायचा.

देवरूखची शाळा सोडून आलेली भार्गवी संघात सगळ्यात शेवटी आली. आपल्याला काय काम, असं तिने विचारलं.

“तू वायर धर,” अनिश म्हणाला. “ते काय, कोणीही करील.”

कोणीही! मित्रांनो, कुर्ली पुढे गेली की मला सैल सोडावं लागतं, मागे आली की उचलून घ्यावं लागतं. जास्त ताणलं तर कुर्ली अडते, जास्त सोडलं तर मी चाकाखाली येते. भार्गवीने हे बघून बघून आत्मसात केलं. मला गुंडाळायचीसुद्धा ती जमिनीवर, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, म्हणजे मला पीळ पडत नसे. अनिश मात्र मला कोपरावर खसाखसा गुंडाळायचा. प्रत्येक वेढ्याला एक पीळ. म्हटलं, दिवस येईल.

दिवस आला तो २००३ साली, चिपळूणच्या स्पर्धेत. कुर्लीने रिंगणातले चेंडू उचलून आंब्याच्या पेटीत टाकायचे होते. रिंगणात तिघांनाच सोडणार, असं तिथे गेल्यावर कळलं. अनिशने क्षणभरही विचार केला नाही. टेबलाला एक बांबू बांधला आणि मला त्याच्यावर लोंबकळत ठेवलं. भार्गवीला म्हणाला, तू बाकावर बस. रात्रंदिवस ज्या एका गोष्टीची तिने वाट पाहिली होती, ती त्याने बांबूला देऊन टाकली.

वर्मी घाव पुढेच होता. आपल्याकडे कोकणात कोणतंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. सभागृहाबाहेर उभं राहून अनिशने गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, अद्नानने चाकं बसवलीत, सावनी बोलणार हाय, मी बटणं दाबणार हाय, आम्हां तिघांना यश दे रे महाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय महाराजा!” अद्नान तर सगळ्यात मोठ्याने. नारळ हातात धरून भार्गवीच उभी होती. सवयीने तीही “व्हय महाराजा” म्हणून गेली आणि मग तिचा चेहरा पडला.

माझ्या तारा तापल्या. थांब मेल्या, म्हटलं, शेपटी काय असते ते तुला दाखवते.

पहिली फेरी सुरू झाली. अनिशच्या कोपरावरचे सगळे पीळ मी जपून ठेवले होते. कुर्ली पहिल्या चेंडूकडे निघाली तशी मी बांबूवरून सुटले, एक वेढा टाकला, दुसरा टाकला आणि मागच्या चाकाभोवती आवळून बसले. अनिश बटणं दाबतोय, कुर्ली जागच्या जागी गरगरतेय, लोक हसतायत. पदरात भोपळा! इतकी मजा मला खांबावरही आली नव्हती.

वायरीपाशी कोण आहे, असं परीक्षकबाईंनी विचारलं. अनिशने बांबूकडे बोट दाखवलं. सावनीचं बोलणं झालंच होतं. ती आपणहून बाहेर आली आणि सरांनी भार्गवीला आत जायला सांगितलं.

ती उठली, पण आत गेली नाही. “जाते, सर. पण गाऱ्हाणं परत घालायचं. माझं नाव घेऊन. आणि अनिशनेच.”

अनिश पुटपुटला.

“ऐकू नाय आलं,” भार्गवी म्हणाली.

मग सगळ्या शाळांसमोर, लालबुंद तोंडाने, त्याला मोठ्याने म्हणावं लागलं, “बा देवा महाराजा, वायर धरायला भार्गवी उभी हाय. ती नसली तर आमची कुर्ली हालत नाय रे महाराजा!” मागून भार्गवीच्या जुन्या शाळेची, देवरूखची सगळी मुलं ओरडली, “व्हय महाराजा!”

भार्गवीने मला जमिनीवर पसरून एकेक पीळ काढला. दुसऱ्या फेरीत मी लोण्यासारखी चालले. पेटी भरली, पण पहिल्या फेरीच्या भोपळ्यामुळे ढाल काही मिळाली नाही. येताना गाडीत अनिश रडला. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. भार्गवी मात्र त्याच्या शेजारी जाऊन बसली. ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

पुढच्या वर्षी कप्तान ती झाली आणि वायर आली अनिशच्या हातात. पहिल्याच दिवशी मी त्याच्या पायात एक वेढा टाकून त्याला पाडलं. त्यानंतर तोही मला जमिनीवर, आठाच्या आकड्यासारखी गुंडाळू लागला.

आता बिनतारी रोबो आलेत. मी शाळेच्या कपाटात पडून आहे आणि कोणीतरी मला पुन्हा कोपरावर गुंडाळून ठेवलंय. तेव्हा मित्रांनो, संघात जे काम मिळेल ते जीव लावून करा, दुसऱ्याच्या कामाला हसू नका, वायरीला पीळ घालू नका. आणि गाऱ्हाणं घालाल तेव्हा सगळ्यांची नावं घ्या. माझं अजून कोणीच घेतलेलं नाही. भार्गवीनेसुद्धा नाही.