बेलिफाची झोप

पहिला ठोसा हेमावतीच्या कानशिलावर बसला तेव्हा ती गाढ झोपेत होती. दुसरा तोंडावर आला आणि ती खडबडून जागी झाली. ओठ फाटला होता आणि जिभेवर दाताचा तुकडा होता. बाहेर उजाडायला लागलं होतं, हुबळीजवळच्या उणकलच्या त्या नव्या वसाहतीत दूधवाल्याची मोटारसायकल फिरत होती, आणि विठ्ठलराव, तिचे यजमान, डोळे घट्ट मिटून, गुडघा तिच्या पोटात रोवून, तिच्यावर दणादण हात चालवत होते. तोंडात शिव्या होत्या, अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठी. त्यातली एक जरी जागेपणी तोंडातून निघाली असती तरी या माणसानं आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नसतं.

"अहो! उठा! अहो, मी आहे, मी!"

तिनं त्यांच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. विठ्ठलराव जागे झाले. त्यांनी आधी आपल्या मुठीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"परत?"

"परत," ती पदर ओठावर दाबत म्हणाली.

ते उठले आणि त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. पुन्हा आपटणार एवढ्यात हेमावतीनं मध्ये तळहात घातला, म्हणून कपाळ वाचलं. तिची बोटं मात्र चांगलीच ठेचली.

विठ्ठलराव धारवाडच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स घेऊन दारात येणाऱ्या माणसाला कुणी पाट मांडून बसवत नाही. नोकरीच्या उभ्या आयुष्यात त्यांच्यावर एकानं कुत्री सोडली होती, एकानं विळा घेऊन शेताच्या बांधापर्यंत पाठलाग केला होता, आणि एका म्हातारीनं शेणाची पाटी त्यांच्या डोक्यावर उपडी केली होती. विठ्ठलराव अंग पुसत, समन्स दाराला चिकटवत, दाराला नमस्कार करत आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवत. भाजीवाली वजनात मारते हे दिसत असूनही तिला बोलायची त्यांची छाती नव्हती. लग्न झाल्यापासून, एक वेळ सोडली तर, त्यांनी हेमावतीला 'अगं' देखील कधी चढ्या आवाजात म्हटलं नव्हतं.

आणि हाच माणूस गेली काही वर्षं झोपेत राक्षस होत होता. सुरुवातीला नुसती बडबड असायची, त्यावर दोघं सकाळी हसायची सुद्धा. मग लाथा सुरू झाल्या. मग ठोसे. हल्ली तर दर आठ-पंधरा दिवसांनी हेमावतीच्या अंगावर नवा डाग उमटत होता आणि ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालून हिंडत होती. बेळगावला दिलेल्या लेकीला, दीपश्रीला, आठवा महिना लागला होता, तिच्या कानावर हे घालायची सोय नव्हती. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. देवळातला दोरा आणला, तळपायाला तेल चोळून झालं. एकदा भीत भीत ती म्हणाली होती, "डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या का?" तेव्हा विठ्ठलराव जागेपणी पहिल्यांदा तिच्यावर खेकसले होते. धारवाडात डोक्याचा डॉक्टर म्हटलं की लोकांना एकच फाटक आठवतं, ते वेड्यांच्या इस्पितळाचं. "त्या फाटकातून आत जाताना कोर्टातल्या एकानं जरी बघितलं ना, हेमा, तर संपलंच. निवृत्तीला वर्ष राहिलंय. मला वेडा म्हणून घरी पाठवू नको," असं ते म्हणाले होते. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या सकाळी नळावर शेजारच्या गोदावरीअक्कांनी तिला गाठलं.

"काय झालं ग तोंडाला?"

"पडले अक्का. नळावर पाय घसरला."

"आणि हा गळ्यावर वळ? नळाला बोटं असतात काय ग?"

हेमावती घागर न भरताच आत गेली. गोदावरीअक्का मनाच्या चांगल्या, पण गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. त्यांनी अळणावरला हेमावतीच्या भावाला फोन लावला.

आनंदा लाकडाच्या गिरणीत ओंडके चढवायचा. सागाचं खोड एकट्यानं कलतं करणारा माणूस. तो मिळेल त्या पहिल्या बसनं आला, चपला न काढता घरात शिरला, बहिणीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि तुटलेला दात बघितला. विठ्ठलराव कोर्टात रजा कळवून खुर्चीवर बसले होते, ते उभे राहिले.

"ये आनंदा. बस."

आनंदाच्या घरात दाजी म्हणजे देवाच्या खालोखाल. दाजी आले की ताटाभोवती रांगोळी. त्या आनंदानं दाजींच्या अशी कानफटात लगावली की ते खुर्चीसकट आडवे झाले. मग गचांडी धरून उठवलं आणि दुसरी दिली.

"बाहेर सगळ्या जगाचे जोडे खातोस, आणि घरात माझ्या अक्कावर शूर होतोस काय रे? बोल की! आता का तोंड शिवलास?"

"आनंदा, सोड त्यांना! झोपेत होतंय रे! त्यांना कळत नाही!" हेमावती मध्ये पडली.

"झोपेत? आमच्या गिरणीतले बेवडे पण हेच म्हणतात, शुद्धीत नव्हतो. कुणी सांगितलं तुला झोपेत होतंय म्हणून? ह्यानंच ना?"

हेमावतीचा मध्ये घातलेला हात खाली आला. खरं सांगायचं तर हा प्रश्न तिनं स्वतःलाही विचारला होता, कितीतरी वेळा. एवढी वर्षं लोकांच्या शिव्या गिळणाऱ्या माणसाचा राग कुठंतरी साठत असणारच. तो तिच्यासाठीच साठवला होता का? मिटलेल्या डोळ्यांआड हा माणूस जागा असतो का? रडू मारामुळे यायचं नाही, या विचारानं यायचं.

विठ्ठलरावांच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"मार आनंदा. बरोबर आहे तुझं. मीच मारलंय तिला. तिला घेऊन जा. माझ्या हातून ती एक दिवस मरेल."

"नेणारच आहे. परत धाडणार नाही. अक्का, पिशवी भर."

हेमावतीनं पिशवी भरली. पण माहेरी कायमचं निघालेल्या बाईलाही चुलीवरचं अर्धवट टाकून जाता येत नाही, तेव्हा तिनं आधी कुकर उतरवायचं ठरवलं. आनंदा उंबऱ्याशी पाठ टेकून बसला. विठ्ठलराव आतल्या खुर्चीत. आपण झोपलो तर हिला मारू, या धास्तीनं त्या माणसानं कितीतरी रात्री नीट डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. बसल्या बसल्या त्यांची मान कलली.

कुकरची शिट्टी झाली असेल नसेल, आणि आतून आरडाओरडा सुरू झाला.

"होगलेऽ! चालता होऽ! हात तोडीन!"

आनंदा धावला. विठ्ठलराव खुर्चीतून उसळून भिंतीवर मुठी मारत होते. डोळे मिटलेले. भिंतीवर आरसा होता, तो फुटून काचा हातात शिरल्या तरी हात थांबेनात. आनंदानं मागून मिठी घातली, तर कोपराचा असा तडाखा त्याच्या बरगडीत बसला की ओंडके उचलणारा गडी कळवळून खाली बसला. विठ्ठलरावांनी हवेत लाथ झाडली, तोल गेला, आणि स्टुलाच्या कडेवर आपटून ते जागे झाले. हात लाल झाला होता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आनंदाकडे पाहिलं आणि पांढरेफटक पडले.

"कुणाला लागलं? हेमाला लागलं का? हेमा कुठाय?"

आनंदा बरगडी दाबून त्यांच्या मिटल्या-उघडल्या डोळ्यांकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "अक्का, हे नाटक न्हवं ग."

वसाहतीतल्या दवाखान्यात हाताला आणि भुवईला टाके पडले. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरनं एकाचा हात, दुसरीचा दात आणि तिसऱ्याची बरगडी बघितली आणि पोलिसांना कळवू की काय अशा नजरेनं सगळी हकीकत विचारून घेतली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. "हे वेड्यांच्या डॉक्टरचं काम नाही. नसांच्या डॉक्टरकडे जा, मेंदू आणि नसा बघतात त्या. आजच जा," म्हणाला, आणि हुबळीतल्या डॉ. भाग्यलक्ष्मींच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, कानडी हेल काढून मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आधी हेमावतीलाच विचारायला सुरुवात केली.

"मारताना डोळे उघडे की मिटलेले?"

"मिटलेले."

"हाक मारली की लगेच भानावर येतात?"

"लगेच. आणि मग रडतात."

"वास येतो का यांना? उतू गेलेलं दूध, करपलेलं काही?"

हेमावती दचकली. मागं आमटी आंबली होती, सगळ्या घराला वास, आणि हे दोन वाट्या प्यायले होते. तिला वाटलं होतं, बिचारे बोलत नाहीत.

"पोट साफ व्हायला त्रास होतो? अक्षर बारीक झालंय? सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो?"

हे सगळं होतं. वय झालं म्हणून दोघांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. बाईंनी विठ्ठलरावांना बाहेरच्या बोळातून चालून यायला सांगितलं. ते गेले आणि परत आले.

"हातांकडे बघा त्यांच्या," बाई म्हणाल्या.

डावा हात चालताना झुलत होता. उजवा हात अंगाला चिकटून होता, जराही हलत नव्हता. हेमावती बघत राहिली. तिचा दात पाडणारा, आरसा फोडणारा हात तो हाच. झोपेत त्याला आवरायला गडी पुरला नाही, आणि दिवसाढवळ्या तो साधा झुलत नव्हता.

"विठ्ठलराव, स्वप्नात काय दिसतं तुम्हाला?"

विठ्ठलराव हातावरची पट्टी चाचपत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं.

"कुत्री येतात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "कधी तो विळेवाला येतो. कामावर आले असते तर मी पळालो असतो. पण ते घरात येतात. हिच्या अंगावर जातात. हिला ओढतात. मग मला पळून जाववत नाही. मी मारतो."



"एवढी वर्षं मला का नाही सांगितलंत?" हेमावतीचा आवाज फाटला.

"काय सांगू? तुझा डोळा काळा करायचा, आणि म्हणायचं की तुलाच वाचवत होतो? कोण विश्वास ठेवील, हेमा? माझाच नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "स्वप्न पडत असताना मेंदू सगळ्या अंगाला कुलूप घालतो. म्हणून आपण स्वप्नात पळतो, पण गादीवर पडून राहतो. यांचं ते कुलूप बिघडलंय. स्वप्नात जे करतात ते अंग करतं. हे वेड नाही, भूतबाधा नाही, आणि मनातला रागही नाही. मी दुखणाऱ्या नसांचे, मुंग्यांचे, झटक्यांचे पेशंट रोज बघते. पण असे लोक येतच नाहीत. लाजतात. बायको मार खाते आणि नवरा तोंड लपवतो."

"बरं होईल का?" आनंदानं विचारलं.

"गोळीनं रात्री बऱ्याच शांत होतील. रात्रीची एक तपासणी करून खात्री करून घेऊ. तोवर वेगळं झोपायचं, गादी जमिनीवर, जवळ काच नको, स्टूल नको." बाईंनी चष्मा परत चढवला. मग विठ्ठलरावांकडेच बघून बोलल्या, "पण खरं ते सांगते. हात हलत नाही, वास गेलाय. कंपवाताची सुरुवात दिसते. हळूहळू चालेल, औषधं आहेत, बरीच वर्षं चांगली जातात. पण हात पूर्वीसारखा होणार नाही."

विठ्ठलरावांनी मान डोलावली. समन्स हातात पडल्यावर काही काही लोक अशीच मान डोलवायचे. मग त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे मी हिला जाणूनबुजून मारत नव्हतो, असं तुम्ही हिला सांगाल ना?"

"सांगितलं की."

"याला पण सांगा," ते आनंदाकडे बोट करून म्हणाले.

आनंदा उठून बाहेर गेला.

दवाखान्याच्या दारात चपलांचा ढीग होता. बाकावर माणसं बसली होती. विठ्ठलराव आपल्या सँडल शोधून वाकले. टाके घातलेला उजवा हात पट्ट्याशी झटत होता आणि पट्टा काही कडीत जाईना. हेमावती पुढे होणार इतक्यात बाजूला उभा असलेला आनंदा झपकन खाली वाकला आणि त्यानं हात पुढे केला.

विठ्ठलरावांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

बाकावरची माणसं बघायला लागली. आनंदाचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तो खाली फरशीवर, लोकांच्या चपलांत, मांडी घालून बसला.

"पाय पुढं करा, दाजी," तो म्हणाला. 

विठ्ठलरावांनी तोंडावरचे हात काढले नाहीत. पाय मात्र पुढे केला.