दाराबाहेरचा जोड

मित्रांनो, मी बुटांचा एक जुना जोड आहे. जुना म्हणजे फक्त वयाने. मला उलटे करून तळ पाहाल तर म्हणाल, "हा तर फारसा झिजलेलाच नाही!" तेच तर माझे दुःख आहे.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तळाला जाड पण दबणारा थर, पुढे बोटांना पसरायला ऐसपैस जागा आणि टाचेला घट्ट आधार. दिवसभर चालणाऱ्या आणि उभे राहणाऱ्या माणसासाठीच मला घडवले होते. रूपाच्या नावाने मात्र बोंब! नवीन जालन्यातल्या एका दुकानात मी कितीतरी दिवस वरच्या फळीवर धूळ खात पडलो. खालच्या चकचकीत, टोकदार सँडली हातोहात खपत आणि मला बघून गिऱ्हाईक म्हणे, "हे काय, दवाखान्यातले बूट!" मी मनात म्हणे, हसा लेकहो, पाय ठणकायला लागले की माझीच आठवण येईल.

एका संध्याकाळी उषाबाई आणि त्यांची लेक आकांक्षा दुकानात आल्या. उषाबाई मूळच्या वडीगोद्रीच्या. लेक जालन्यात नर्सिंग शिकत होती, म्हणून खोली घेऊन दोघी इथेच राहत. उषाबाई बियाण्याच्या एका कारखान्यात कामाला जात. पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या बियांतले फुटके, काळे दाणे वेचायचे आणि तेही दिवसभर उभ्याने. त्यांच्या टाचा इतक्या दुखत की सकाळी उठल्यावर भिंत धरून चालावे लागे. डॉक्टरांनी बजावले होते, कडक जमिनीवर पायाला आधार हवाच, नाहीतर उभ्याचे काम कायमचे सुटेल. आणि त्या कामावरच तर दोघींचे घर उभे होते.

"सकाळीच आलो असतो, गर्दी नसती," उषाबाई कुरकुरल्या.

"सकाळी पाय बारीक असतो, आई. दिवसभर उभं राहून तो सुजतो. मंग माप सुजलेल्या पायाचंच घ्यावं लागतं," आकांक्षा म्हणाली.

पोरीने मला उलटेसुलटे केले, वाकवून पाहिले. मी मधोमध न मोडता बोटांच्या सांध्यापाशी वाकलो, तशी ती खूश झाली. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का, चालताना टाच निसटते का, सगळे तिने चाचपले. मग दुकानातल्या मऊ सतरंजीवर नाही, तर बाहेरच्या फरशीवर आईला चालवले.

"लुगड्यावर बूट! लोक दात काढतील माय," उषाबाई लाजल्या.

"काढू दे. दात त्यांचे, पाय आपले."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा रस्त्यावर उतरलो. उषाबाईंची चाल हलकी झाली होती. "बिलकुल कापसावर चालल्यावानी वाटून राह्यलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझी छाती फुगली. एवढ्यात कारखान्याचे दार आले आणि त्यांनी मला काढून बाहेर भिंतीशी ठेवले. आत जाऊन चिमूटभर बी कपाळाला लावले आणि त्या गार, कडक सिमेंटवर त्या अनवाणी उभ्या राहिल्या.

मला वाटले, आज विसरल्या असतील. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. बाकीच्या बाया खुशाल चपला घालून आत जात. शेजारी काम करणाऱ्या शालूने एकदा विचारलेच, "मावशी, इतके भारी बूट बाहेर कामून ठेवता?"

"बियाची रास म्हंजी लक्ष्मी असती बाई. खळ्यात कोणी पायताण घालून जातं का?"

त्यांची श्रद्धा मला कळत होती आणि त्यांच्या टाचाही कळत होत्या. पण बुटाला कुठून आणायची जीभ? मी दिवसभर दाराबाहेर रिकामा बसून राही. संध्याकाळी त्यांचे सुजलेले पाय माझ्यात शिरत, तेव्हा त्या पायांची आग मला सोसवत नसे.

घरी आकांक्षा विचारी, "बूट बराबर हायेत ना?" उषाबाई म्हणत, "लई मऊ हायेत." ते खोटेही नव्हते. पण दुखणे वाढतच गेले आणि एक दिवस पोर चिडून म्हणाली, "बूटच खोटे निघाले!" मित्रांनो, तो बोल माझ्या फार जिव्हारी लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग एका दुपारी उषाबाई डबा घरीच विसरल्या, म्हणून आकांक्षा तो द्यायला कारखान्यात आली. दाराशी मी दिसलो आणि ती थबकली. तिने आत डोकावून पाहिले. आई एका पायावर भार टाकून, ओठ आवळून उभी होती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, तेव्हा लेकीने कारण विचारले आणि आईने तेच खळ्याचे कारण सांगितले.

"आई, खळ्यात माती होती गं. इथं सिमेंट हाय!" आकांक्षा म्हणाली.

उषाबाईंनी वाकून मला जवळ ओढले. मग म्हणाल्या, "आत घालायला येगळा जोड असता, रस्त्याची घाण न लागलेला, तर घातला असता."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"तू इतक्या हौसेनं आणलेते. अजून एक आण म्हणायला जीभ रेटली न्हाई."

इतका साधा उपाय होता. आकांक्षाने त्याच संध्याकाळी माझ्यासारखाच दुसरा जोड आणला. पण उशीर झाला होता. दोनच दिवसांत उषाबाईंना टाच टेकवेना. डॉक्टरांनी मान हलवली आणि उभ्याचे काम सुटले ते सुटलेच. पट्ट्यापाशी आता दुसरीच बाई उभी राहते. आकांक्षा दिवसा कॉलेज आणि रात्री एका दवाखान्यात काम करते. उषाबाई खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिची वाट बघतात. नवा जोड खोक्यात आहे आणि मी खाटेखाली.

मित्रांनो, आईसाठी चांगले बूट आणाल तर संध्याकाळी आणा, वाकवून बघा, कडक फरशीवर तिला चालवून बघा. पण तेवढ्याने आपले काम झाले असे समजू नका. ती दिवसभर जिथे उभी असते, तिथे एकदा जा आणि तिच्या पायांकडे बघा.